रोपवेने आलेल्यांनाही माथ्यावर चालायचं असतं

प्रति,
डोंगरमाथ्यांपर्यंत रस्ते, रोपवे आणि दातेरी रेल्वे नेणाऱ्या व त्या माथ्यांची देखरेख करणाऱ्या सर्व यंत्रणांस

विषय: वर पोचलेल्या माणसांना सोपी वाट आणि पुरेसा वेळ मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

गेल्या वर्षी मी आईला घेऊन एका माथ्यावर गेले होते. कुठल्या ते लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एकाच जागेपुरतं नाही. आईचं वय 78. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या दंडावर. रोपवेच्या डब्यातून उतरलो तेव्हा समोर ढगाशिवाय काही नव्हतं. आमच्या तिकिटावर परतीची वेळ छापलेली होती, 40 मिनिटांनंतरची. आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो. आजूबाजूची माणसं पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काढून रांगेत जाऊन लागत होती. 35 मिनिटं गेली आणि ढग खालून फाटू लागला. आधी एका नदीचं वळण दिसलं, मग त्यामागची डोंगरधार, तिच्यामागे दुसरी आणि अगदी मागे, फिकट निळ्या रंगात, मधोमध खाच पडलेलं एक शिखर. आई काठीवर रेलून पुढे झाली. "ते खाचेचं कुठलं गं?" असं तिने विचारलं आणि त्याच वेळी ध्वनिक्षेपकावर आमच्या गटाचा क्रमांक पुकारला गेला.

मी तिथल्या माणसाला विनंती केली. त्याने नम्रपणे सांगितलं की पुढचे डबे भरलेले आहेत, वेळ चुकली तर नवं तिकीट काढावं लागेल आणि तेही मिळेलच असं नाही. त्याचा काही दोष नव्हता, त्याच्या हातात फक्त यादी होती. आम्ही खाली आलो. आईने परतीच्या डब्यात काचेकडे पाठ केली नाही, शेवटपर्यंत मान वळवून त्याच दिशेला बघत राहिली. आपल्याला हे पत्र लिहायचं मी त्या डब्यातच ठरवलं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. वयाच्या विशीपासून जवळजवळ 25 वर्षं मी पाठपिशवी लावून डोंगर चढले. घसाऱ्यावरून घसरले, कातळावर रात्री काढल्या, पहाटे विजेरीच्या उजेडात धारेवरून चालले. त्या काळात गाडीने किंवा रोपवेने वर येणाऱ्यांबद्दल माझ्या मनात एक तुच्छता होती. कष्टाशिवाय मिळालेला माथा हा खरा माथा नव्हेच, असं मी इतरांना बोलूनही दाखवलं आहे. मग एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर पाच वर्षं मी खालूनच डोंगर बघितले. पहिल्यांदा रोपवेने वर गेले त्या दिवशी माझ्या शेजारी चाकाच्या खुर्चीत एक तरुण मुलगा होता. डबा ढगाच्या वर निघाला तेव्हा त्याने वडिलांचा हात जो धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. माझी जुनी समजूत चुकीची होती, हे मला तिथे कळलं. चढून येणाऱ्याला चढाचं सुख मिळतं आणि ते मोठंच असतं. पण वरून दिसणाऱ्या दृश्यावर त्याचा दुसऱ्या कुणाहून जास्त हक्क नसतो.

माणसांना यंत्राने माथ्यावर नेण्याची कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर 1861 साली घोडागाड्यांचा रस्ता पोचला आणि 1869 साली दातेरी रेल्वे, म्हणजे रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाकाचे दाते अडकवून चढणारी. डोंगर चढणारी ती जगातली पहिली दातेरी रेल्वे. दोन वर्षांनी, 1871 साली, स्वित्झर्लंडमधल्या रिगीवर युरोपातली पहिली डोंगररेल्वे धावली. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ आपण माणसांना वर पोचवत आहोत आणि ते काम आपल्याला उत्तम जमतं. 1889 साली स्वित्झर्लंडमधल्याच पिलाटस डोंगरावर 48 टक्के चढाची रेल्वे बांधली गेली. हे ज्यांनी केलं त्यांच्यापुढे मी मान लववते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. माणूस वर पोचला, डब्याचं दार उघडलं, तो बाहेर आला. आता पुढे काय?

बऱ्याच ठिकाणी पुढे काही नसतं. फरसबंदीचा एक चौक, त्याला कठडा, कठड्यापाशी तीन रांगांची गर्दी, मागे खाण्याची दुकानं आणि शेवटी परतीची रांग. पायऱ्या असतील तर त्या अशा उंच की गुडघा दुखणारा माणूस खालच्याच पायरीवर बसून राहतो. चौकाच्या पलीकडे वाट असलीच तर ती थेट अवघड वळणावर जाते आणि तिथे 'पुढे जाणे धोकादायक' अशी पाटी असते. सोपं आणि धोकादायक या दोन टोकांच्या मधलं काही कुणी आखलेलंच नसतं. माझी मागणी त्या मधल्या वाटेची आहे: अर्ध्या-पाऊण तासाची, जवळजवळ सपाट, माथ्याला वळसा घालणारी, दर दोन-तीनशे पावलांवर टेकायला बाक असलेली.

असं का, ते सांगते. दृश्य एका जागी उभं राहून पुरतं दिसत नाही. कठड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला फक्त एक बाजू दिसते, तीही चित्रासारखी चपटी. तो 200 पावलं चालला की जवळची सोंड सरकते, तिच्यामागे लपलेली दरी उघडते, मघाशी एक वाटणारी धार दोन धारांची असल्याचं कळतं. कुठलं पुढे आणि कुठलं मागे हे डोळ्यांना चालण्यातून उमगतं. माथ्याची एक बाजू वाऱ्याची असते, दुसरी शांत. एकीकडे गवत लोळलेलं असतं आणि पन्नास पावलांवर, खडकाच्या आडोशाला, हवा अशी स्तब्ध की दरीतल्या पाण्याचा आवाज वर येतो. चौकात उभं राहून गेलेल्या माणसाला डोंगराची ही दुसरी बाजू कधी भेटतच नाही आणि त्याला वाटतं, आपण डोंगर बघितला.

अशी वाट करता येते, हे अनेकांनी करून दाखवलं आहे. रिगीवरचंच उदाहरण घ्या. तिथे 1870 च्या दशकात डोंगराच्या अंगावरून आडवी जाणारी एक छोटी रेल्वे बांधली होती, काल्टबाडपासून शायडेगपर्यंत. ती चालेना, 1931 साली बंद पडली आणि पुढे रूळही उखडले गेले. पण रेल्वेसाठी कापलेली आडवी पायरी डोंगरावर तशीच राहिली. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही, म्हणून ती वाट सौम्य. आज तिच्यावरून माणसं चालतात, बोगद्यातून जातात, जुन्या पुलावर थांबतात. साडेसहा-सात किलोमीटरची वाट आणि दम लागेल असा चढ जवळजवळ नाहीच. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका तोट्यातल्या धंद्याने आजच्या म्हाताऱ्या माणसांना ही देणगी दिली आहे.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या कॉशियुस्कोचं. 2228 मीटर, त्या खंडाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर. पायथ्याच्या थ्रेडबो गावाहून खुर्च्यांच्या रोपवेने वर गेलं की शिखरापर्यंत चालत जायचं, येऊन-जाऊन 13 किलोमीटर, चढ जेमतेम 300 मीटरचा. तिथे मोठ्या टप्प्यांवर जमिनीच्या थोडी वर पोलादी जाळीची पाऊलवाट टाकली आहे. जाळीतून ऊन आणि पाणी खाली झिरपतं, त्यामुळे खालचं रोप जगतं. माणसाला चिखलातून चालावं लागत नाही आणि माणसाखाली डोंगर तुडवला जात नाही. उंचावरची झाडंझुडपं फार हळू वाढतात, कित्येक दगडफुलं तर वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाहीत. अशा जमिनीवर ठरलेली वाट नसली की चिखल टाळायला एक जण बाजूने जातो, त्याच्या बाजूने दुसरा आणि दोन-चार हंगामांत एका वाटेच्या पाच वाटा होतात. म्हणजे चांगली वाट ही माणसांची सोय आहे तशी डोंगराचीही राखण आहे. 'माणसं आली की डोंगराची वाट लागते' असं जे म्हटलं जातं ते पुष्कळदा वाट न आखल्यामुळे खरं ठरतं.

पण 'सोपी वाट' हे शब्द पाटीवर लिहिताना आपण मोजमाप करावं, ही कळकळीची विनंती. डांबर किंवा फरशी घातली म्हणजे वाट सोपी होत नाही. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतातलं कुवोही हे 2025 मीटरचं शिखर बघा. (पूर्वी त्याला क्लिंगमन्स डोम म्हणत, 2024 साली तिथल्या चेरोकी या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव अधिकृतपणे परत आलं.) वाहनतळापासून माथ्यापर्यंत फक्त 800 मीटरची पक्की वाट आहे. ऐकायला किती सोपी! पण तेवढ्यात ती साधारण 100 मीटर चढते, म्हणजे दर आठ मीटरला एक मीटर. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराला दर बारा मीटरला एक मीटर ही मर्यादा सर्वसाधारणपणे धरतात. तिथली यंत्रणा ही वाट चाकाच्या खुर्चीसाठी योग्य नाही असं स्पष्ट सांगते आणि त्या स्पष्टपणाबद्दल मला आदर वाटतो. आपल्याही पाट्यांवर एवढा खरेपणा हवा. अंतर किती, चढ किती मीटर, पायऱ्या किती, कठडा कुठे संपतो, पहिला बाक किती पावलांवर. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर किती वेळ लागेल ते तासा-मिनिटांत लिहिलेलं असतं, कारण डोंगरात किलोमीटर फसवा असतो. त्यांचा हिशोब सपाटीवर ताशी 4.2 किलोमीटर या चालीवर बसवलेला आहे. माझ्या आईच्या चालीला तो लागू पडत नाही. पण पाया ठाऊक असला की आम्ही आमचा गुणाकार करू शकतो, 'थोडेच अंतर' या शब्दांचा गुणाकार कसा करायचा?

आता मनोऱ्यांबद्दल आणि काचेच्या मजल्यांबद्दल. माथ्यावर आणखी काही उंच बांधलं की आणखी दूरचं दिसेल, अशी एक समजूत दिसते. हिशोब करून बघू. सपाट मैदानात उभ्या माणसाचं क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. सभोवतालच्या सपाटीपासून 1000 मीटर उंच गेलं की ते 113 किलोमीटरवर जातं. पण तिथून पुढे उंचीचा लाभ आटत जातो. नजर दुप्पट लांब जायला उंची चौपट व्हावी लागते. 2000 मीटर उंचीच्या माथ्यावर आपण 15 मीटरचा मनोरा बांधला, तर 160 किलोमीटरवरचं क्षितिज जेमतेम 600 मीटर पुढे सरकेल. तेही हवा काचेसारखी स्वच्छ असेल तर. जिथे माथाच दाट झाडीत बुडालेला आहे तिथे मनोऱ्याला अर्थ आहे. कुवोहीवर 1959 साली बांधलेला मनोरा झाडांच्या शेंड्यांवर नेतो आणि त्याला पायऱ्यांऐवजी गोल फिरत जाणारा उतार दिला आहे. उघड्या, बोडक्या माथ्यावर मात्र मनोरा दृश्यात भर घालत नाही, उलट सभोवतालच्या सगळ्या माथ्यांवरून बघणाऱ्यांच्या दृश्यात खुपतो. त्या पैशांत किती किलोमीटर सपाट वाट आणि किती बाक होतील याचा हिशोब आपल्यापैकी कुणीतरी एकदा मांडावा.

काचेच्या मजल्यावर तर मी उभी राहिले आहे. सगळे पायांखाली बघतात, किंचाळतात आणि निघून जातात. समोर बघायला कुणी थांबत नाही.

आणि वेळ. माझ्या पत्राचा खरा गाभा हाच आहे, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

डोंगरावरचं दृश्य ही तासातासाला बदलणारी गोष्ट आहे. पहाटे थंड, जड हवा दऱ्यांमध्ये साचून राहते, तिच्यात धुकं धरतं आणि माथा त्या धुक्याच्या वर, उन्हात असतो. खाली पांढरा समुद्र आणि त्यातून वर आलेली शिखरांची बेटं. ऊन चढलं की उतार तापतात, हवा वर सरकू लागते, सोबत बाष्प आणि धूळ आणते. दुपारपर्यंत ढग जमतात, दूरचं धूसर होतं, नाहीतर दिसतच नाही. शिवाय दुपारी सूर्य डोक्यावर असल्याने सावल्या आखडतात आणि डोंगराच्या घड्या पुसल्या जातात. सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा प्रत्येक घळ, प्रत्येक सोंड वेगळी उठून दिसते. मग आपले रोपवे सकाळी उशिरा उघडून संध्याकाळच्या आधी बंद का होतात? देखभाल असते, कामगारांच्या पाळ्या असतात, हे मला समजतं. पण महिन्यातले चार दिवस तरी पहाटेचा पहिला डबा सोडता येणार नाही का? चढून जाणाऱ्या तरुणांना पहाट मिळते, म्हाताऱ्यांच्या वाट्याला कायम दुपारच येते.

पहाटेच्या माथ्याबद्दल एक सांगते, कारण फार थोड्यांना ते ठाऊक असतं. सूर्य उगवताना सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे असतात. त्या वेळी पाठ वळवावी. पश्चिमेला, धुरकट हवेवर, डोंगराची अख्खी सावली पडलेली असते, मैलोगणती लांब आणि टोकदार त्रिकोणाची. डोंगराचा आकार कसाही असो, सावली त्रिकोणीच दिसते, कारण लांबवर जाणाऱ्या रेषा नजरेला एका बिंदूत मिळाल्यासारख्या वाटतात, रुळांच्या मिळतात तशाच. श्रीलंकेतलं 2243 मीटरचं श्रीपाद शिखर या सावलीसाठी प्रसिद्ध आहे, पण ती अनेक सुट्या शिखरांवरून दिसते. आणि सूर्य पाठीशी, समोर दरीत धुकं असा योग आला, तर धुक्यावर स्वतःचीच सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांची वलयं उमटतात. यालाच आपण इंद्रवज्र म्हणतो. जर्मनीतल्या 1141 मीटरच्या ब्रोकन शिखरावरून त्या सावलीला ब्रोकनचं भूत असं नाव पडलं. प्रत्येकाला वलय आपल्याच डोक्याभोवती दिसतं, शेजारच्याच्या नाही. हे मी आयुष्यात तीनदा बघितलं, तिन्ही वेळा रात्री मुक्काम करून. आईने एकदाही नाही.

गर्दी आहे म्हणून परतीची वेळ बांधावी लागते, असं उत्तर येईल. गर्दी खरी आहे. पण तिला आवर घालायची जागा खाली आहे, वर नाही. अमेरिकेतल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानातल्या कॅडिलॅक शिखरावर गाड्यांची इतकी दाटी होऊ लागली की 2021 पासून हंगामात वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. ती वेळ असते आत शिरण्याची. एकदा वर गेलं की किती थांबायचं ते तुमच्यावर. फक्त 466 मीटरचं ते शिखर, माथ्यावर पक्की छोटी फेरी, समोर समुद्र आणि बेटं. वर कमी माणसं सोडली तर सोडलेल्यांना थांबू देता येतं. रोपवेचं गणित गाड्यांपेक्षा अवघड आहे, हे मी मान्य करते. प्रत्येक वर गेलेल्याला खाली आणायचंच असतं. तरीही काही तिकिटं 'परत कधीही' अशी ठेवता येतील, निदान वयस्कर आणि अपंग माणसांसाठी. त्यांना चालायलाच दुप्पट वेळ लागतो. 40 मिनिटं सगळ्यांना सारखीच दिली म्हणजे न्याय झाला, असं होत नाही.

इतकं मागताना आमच्या जिवाची काळजी घेण्याचंही मागते. यंत्राने वर जाणाऱ्याला उंची कळत नाही, हा त्यातला मोठा धोका आहे. फ्रान्समधल्या एग्वी द्यू मिदीचा रोपवे 1035 मीटरवरच्या शामोनी गावातून वीसेक मिनिटांत 3700 मीटरच्या वर नेतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी असतो. चढून जाणाऱ्याचं शरीर दोन दिवसांत जे शिकतं ते डब्यातल्या माणसाच्या शरीराला कुणी सांगितलेलंच नसतं. 2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, डोकं दुखतं, मळमळतं, आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खाली जाणं. दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यावर वारा असला की अंगाला त्याहून किती तरी गार लागतं. हे सगळं तिकीटखिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि सोबत माथ्यावरचं आत्ताचं तापमान, वारा आणि ढग किती आहे तेही. ढगाने झाकलेल्या माथ्याचं तिकीट विकताना 'आत्ता वर काही दिसत नाही' एवढं वाक्य सांगितलं तर एखादं तिकीट कमी खपेल, पण पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून माणूस परत येईल.

माउंट वॉशिंग्टनवर आजही मोटार घेऊन जाता येतं, उंची अवघी 1917 मीटर. पण 12 एप्रिल 1934 रोजी तिथल्या वेधशाळेने ताशी 372 किलोमीटरचा वारा मोजला होता. सोपा रस्ता म्हणजे सौम्य डोंगर नव्हे, हे घरच्या कपड्यांत वर आलेल्या माणसाला कुणीतरी आधी सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या टेबल माउंटनवर 1929 पासून रोपवे आहे, माथा अक्षरशः मेजासारखा सपाट आणि त्यावर आखलेल्या छोट्या फेऱ्या. वारा वाढू लागला की भोंगा वाजतो आणि फिरायला पांगलेली माणसं परत फिरतात. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. माणसांना लांब जाऊ द्यायचं आणि धोका आला की हाक मारायची. धोका येईल म्हणून सगळ्यांना चौकातच कोंडून ठेवण्यापेक्षा हे किती बरं. विजेचंही तसंच: गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते आणि उघड्या माथ्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. त्या वेळी परतीच्या रांगेचे क्रमांक बघू नका, सगळ्यांना आडोशाला घ्या.

ध्वनिक्षेपकावरचं संगीत बंद करा. याला कारण द्यायची गरज मला वाटत नाही.

शेवटची मागणी खर्चाने सर्वांत छोटी आहे. समोर काय दिसतंय ते सांगणारी तबकडी बसवा. 1776 साली सोस्यूर हे जिनिव्हाचे अभ्यासक आल्प्समधल्या ब्यूए शिखरावर गेले. भोवतालची शिखरं कागदावर कशी उतरवायची, तर मधोमध बघणारा आणि त्याच्याभोवती वर्तुळात सगळे डोंगर, असं चित्र त्यांनी सुचवलं आणि बूरी या चित्रकाराने ते काढलं. कागद फिरवत जायचं आणि स्वतःही फिरत जायचं, हातातला डोंगर आणि समोरचा डोंगर जुळत जातो. आज कित्येक माथ्यांवर दगडी चौथऱ्यावर अशा धातूच्या तबकड्या असतात, प्रत्येक शिखराच्या दिशेने रेघ, नाव, उंची, अंतर. तिच्याभोवती मी नेहमी एकच दृश्य बघितलं आहे. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागतात. कुणी रेघेवर बोट ठेवतं, दुसरं कुणी समोर हात करून दाखवतं, लहान मुलं उंची वाचतात. फक्त ती कमरेएवढ्या उंचीवर ठेवा, म्हणजे खुर्चीत बसलेल्याला आणि मुलालाही वाचता येईल. अक्षरं खोदून कोरा, म्हणजे न दिसणाऱ्याच्या बोटांनाही डोंगररांग लागेल. नावं तिथली माणसं वापरतात ती लिहा.

आम्ही गेलो त्या माथ्यावर तबकडी नव्हती. घरी आल्यावर मी नकाशा पसरला, रोपवेच्या वरच्या ठाण्यापासून नदीच्या वळणावरून पट्टीने रेघ ओढली. तीन डोंगरधारा मोजल्या आणि खाचेचं शिखर सापडलं, 61 किलोमीटरवर. आईला नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं. मग तिने विचारलं की त्या खाचेतून पलीकडे काय दिसत असेल. मी म्हटलं, माथ्यावरून थोडं डावीकडे चालत गेलं तर खाच सरळ समोर येईल आणि मग कदाचित कळेल. डावीकडे वाट आहे का, असं तिने विचारलं.

नकाशावर तिथे सपाट जागा दिसते. 400 मीटर, चढ जवळजवळ नाही. वाट मात्र नाही.

पाऊस संपून हवा धुतली गेली की आम्ही पुन्हा येणार आहोत. आई आता 79 वर्षांची आहे. ती 400 मीटर चालू शकते, मध्ये दोनदा बसावं लागतं.

आपली नम्र,
डोंगरांवर जात राहिलेली एक मुलगी